दुसऱ्या राज्यात शिफ्ट होताय? गाडीचं पासिंग आणि लायसन्स बदलायची सगळी भानगड, क्रमाने

पुण्या-मुंबई-नाशिककडून बेंगळुरू, हैदराबाद, गोवा, गुरुग्राम कुठेही नोकरीसाठी जाणाऱ्यांना दोन टोकाचे सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे "काही होत नाही रे, एमएच पासिंगवर लोक दहा दहा वर्षं फिरतात" आणि दुसरा "पोहोचल्या पोहोचल्या नंबर बदलून घे नाहीतर गाडी उचलतील". दोन्हीत तथ्य नाही. मी महाराष्ट्रातून कर्नाटकात गाडी नेऊन नंबर बदलून घेतलाय, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिकडची येतील, पण केंद्राचा मोटार वाहन कायदा १९८८ सगळ्यांना तोच आहे, राज्याराज्यात फरक पडतो तो मुख्यतः टॅक्समध्ये आणि खिडकीवरच्या पद्धतीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण सगळा घोळ इथेच होतो. लोकांना वाटतं हे काम नवीन गावात गेल्यावर सुरू होतं, प्रत्यक्षात अर्ध्याहून जास्त काम जुन्या आरटीओत असतं आणि ते तुम्ही तिथे राहताय तोवर प्रवासखर्चाशिवाय होतं, नंतर त्यासाठी रजा टाकून, तिकीट काढून परत यावं लागतं. म्हणून ट्रक भरायच्या आधी हे वाचा.

१. आधी ठरवा, नंबर बदलायची खरंच गरज आहे का

कायद्याचं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदणी झालेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नवीन नंबर घ्यायला अर्ज करावा लागतो. म्हणजे वर्षभराच्या आत परत येणार असाल तर काहीच करू नका, कागद नीट सोबत ठेवा आणि निवांत गाडी चालवा. कर्नाटकाने मध्यंतरी ३० दिवसांनंतरच टॅक्स मागायची तरतूद केली होती, ती तिथल्याच हायकोर्टाने २०१६ मध्ये रद्द केली, पण रस्त्यावर अजूनही कुणीतरी तुम्हाला ते ३० दिवस ऐकवेलच. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा गाडी राज्यात कधी आली याचा पुरावा दाखवा. पॅकर्सकडून गाडी पाठवली असेल तर त्याची बिल्टी (माल वाहतुकीची पावती), ट्रेनने पाठवली तर पार्सलची पावती, स्वतः चालवत आणली असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट. यातलं एक तरी फोनमध्ये पीडीएफ करून ठेवा, याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

गाडी विकायचा पर्यायही मोकळ्या मनाने बघा. जुनी स्कूटर असेल तर एनओसी (जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला), टॅक्स, नवीन नंबर प्लेट, आणि तुमचे दोन-तीन दिवस एवढं सगळं धरलं तर इथे विकून तिकडे दुसरी घेणं स्वस्त पडू शकतं. कार असेल, त्यात चार-पाच वर्षांच्या आतली, तर नंबर बदलणंच बरं.

आणि तिसरा पर्याय बीएच सिरीजचा. सप्टेंबर २०२१ पासून ही भारत सिरीज सुरू झाली. संरक्षण दलातले, केंद्र-राज्य सरकारी, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खाजगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळू शकते. यात टॅक्स पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन दोन वर्षांचा भरायचा आणि बदली झाली की नंबर बदलायची गरज नाही. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी साधा नंबर असलेली गाडीही बीएचमध्ये घेता येते. खाजगी नोकरीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० वर वर्किंग सर्टिफिकेट लागतं, आणि इथे एक गंमत आहे, पॅन नसलेले लोक इन्कम टॅक्ससाठी वर्षानुवर्षं भरत आले तोही फॉर्म ६० च, त्यामुळे एचआरला नुसतं "फॉर्म ६० द्या" म्हणालात तर ते भलताच कागद हातात ठेवतील. तुमची दर तीन वर्षांनी बदली होणार असेल तर बीएच हाच शहाणपणा. कायमचं स्थायिक होणार असाल तर दर दोन वर्षांनी टॅक्सची तारीख लक्षात ठेवायची कटकट कशाला.

२. निघायच्या आधी रेकॉर्ड साफ करा

परिवहनच्या पोर्टलवर वाहन नावाची सिस्टीम गाड्यांची आणि सारथी लायसन्सची. गाडीचं प्रत्येक ऑनलाइन काम गाडीचा नंबर, चॅसी नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइलवरचा ओटीपी यावर चालतं. आता तो ओटीपी कुठल्या मोबाइलवर जातो ते आजच बघा. बऱ्याच गाड्यांना शोरूमवाल्याने नोंदणी करताना स्वतःचाच नंबर टाकलेला असतो किंवा तुमचा आठ वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर असतो. पोर्टलवर मोबाइल अपडेट करायची सोय आहे, त्याला इंजिन नंबर, चॅसी नंबर वगैरे लागतं, आरसी समोर घेऊन बसा.

मग या चार गोष्टी तपासा:

- थकलेली ई-चलानं. एक जरी चलान बाकी असेल तर एनओसीचा अर्ज अडकतो. महाराष्ट्राच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर टाकून बघा आणि भरल्यावर दोन-चार दिवस थांबा, वाहनमध्ये ते दिसायला वेळ लागतो.
- कर्ज. चालू असेल तर बँकेकडून एनओसी लागेल, आणि बँकेला स्पष्ट सांगा की "दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी" हवी आहे, कारण कर्ज फेडल्याची एनओसी वेगळी आणि ही वेगळी. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल (हे फार लोकांचं असतं) तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) कॅन्सल करून घ्या.
- नाव. सेकंडहँड गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर फिरवताय? मग आधी फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर. तो माणूस जवळच्या गल्लीत राहतोय तोवर सही मिळते, नंतर फोन उचलत नाही.
- स्पेलिंग. आरसीवर एक, आधारवर दुसरं, पॉलिसीवर तिसरं असेल तर नवीन राज्यातला क्लार्क तिन्ही शेजारी शेजारी ठेवून तुमच्याकडे बघत बसतो. मराठी नावात मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं ते एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, हे तर घरोघरी आहे. जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते इथेच करा.

३. जुन्या आरटीओची एनओसी: फॉर्म २८

हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. वाहन पोर्टलवर महाराष्ट्र निवडून एनओसीचा अर्ज भरायचा, फी ऑनलाइन, मग फॉर्मची प्रिंट काढून कागदांसकट आरटीओत. फॉर्म २८ च्या तीन-चार प्रती काढूनच जा, आरटीओबाहेरचा झेरॉक्सवाला नेमका त्याच दिवशी बंद असतो.

लागणारे कागद: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती, आधार, पॅन, बँकेची एनओसी (कर्ज असेल तर), आणि चॅसी नंबरची पेन्सिल प्रिंट.

ही पेन्सिल प्रिंट म्हणजे काय हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगतो. गाडीच्या लोखंडावर चॅसी नंबर ठोकलेला असतो, बाइकला हँडलच्या खाली मानेपाशी, बऱ्याच कारना पुढच्या सीटखाली कार्पेटच्या कापलेल्या झडपेत किंवा बॉनेट उघडल्यावर काचेच्या बाजूच्या पत्र्यावर. ओल्या फडक्याने तिथला चिखल-ग्रीस पुसायचं, कोरडं करायचं, त्यावर पारदर्शक नको, कागदासारखी पांढरट चिकटपट्टी दाबून बसवायची आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची, आकडे वर उमटतात. मग पट्टी अलगद काढून फॉर्मवर चिकटवायची. दोन-तीन जास्तीच्या काढून कोऱ्या कागदावर चिकटवून ठेवा कारण नवीन आरटीओतही हीच प्रिंट मागतात. आरटीओच्या दारात हे काम करून देणारे असतात पण घरी सावलीत निवांत केलेलं जास्त स्पष्ट येतं, आणि प्रिंटमधला एखादा आकडा पुसट असला की फाइल परत.

अर्जात एक रकाना असतो, कुठल्या आरटीओसाठी एनओसी हवी. इथे नुसतं शहर चालत नाही. बेंगळुरूचंच घ्या, केए ०१ कोरमंगला, ०३ इंदिरानगर, ०५ जयनगर, ५१ इलेक्ट्रॉनिक सिटी, ५३ के आर पुरम, अशी बरीच ऑफिसं आहेत आणि तुमचं घर ज्याच्या हद्दीत त्याचीच एनओसी लागते. त्यामुळे घर पक्कं व्हायच्या आधी एनओसी काढू नका. मग निघायच्या आधी काय करायचं? रेकॉर्ड साफ, बँकेचं पत्र तयार, पेन्सिल प्रिंट तयार, आणि घर ठरलं की अर्ज. भाड्याचं घर ठरवून मगच सामान हलवणारे लोक इथे सुखी.

कलम ४८ प्रमाणे आरटीओने अर्जावर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, नाही दिलं तर एनओसी दिल्यासारखीच धरली जाते. हे वाचायला छान आहे पण नवीन आरटीओत "धरलेली" एनओसी दाखवता येत नाही, तेव्हा पोचपावती जपून ठेवा आणि पाठपुरावा करा. एकदा एनओसी निघाली की ती फाइलमध्ये वर्षभर झोपवू नका, पुढचा अर्ज लगेच करा. प्लॅनच बदलला आणि परत महाराष्ट्रातच राहायचं ठरलं तर एनओसी रद्द करायची सोय आहे, ती वापरा, नाहीतर पुढे गाडी विकताना रेकॉर्डवर "एनओसी दिली" असं दिसून व्यवहार अडतो.

काही ठिकाणी गाडी चोरीची नाही असा एनसीआरबीचा (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा) रिपोर्टही मागतात. तो त्यांच्या वाहन समन्वय सेवेवरून काढता येतो, हेलपाटा नको असेल तर आधीच काढून फाइलला लावा.

दिल्ली-एनसीआरला जाणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाच्या आदेशाने निर्बंध आले आणि त्यात पुढे बदलही होत गेले. गाडी त्या वयाच्या जवळ असेल तर एनओसीची फी भरायच्या आधी तिथला ताजा नियम बघा.

४. नवीन गावात पहिलं काम: पत्त्याचा पुरावा

गाडी नाही, लायसन्स नाही, आधी आधारचा पत्ता बदला. रजिस्टर्ड भाडेकरार झाला की त्यावर आधार अपडेट होतं आणि मग बाकी सगळं आधार ओटीपीवर सोपं होतं. नोटरी केलेला करार काही खिडक्यांवर चालतो, काहींवर नाही, घरमालक कुरकुर करत असेल तरी रजिस्टर्डचा आग्रह धरा, खर्च निम्मा निम्मा म्हणा हवं तर. लाइट बिल मालकाच्या नावावर असतं त्यामुळे भाडेकरूला त्याचा एकट्याचा उपयोग नाही.

५. लायसन्स: हे सोपं आहे, घाबरू नका

भारतीय लायसन्स देशभर चालतं. एमएच लायसन्सवर तुम्ही कन्याकुमारीत आयुष्यभर गाडी चालवली तरी "दुसऱ्या राज्याचं लायसन्स" म्हणून कुणी दंड करू शकत नाही. पत्ता बदलायचा तो यासाठी की रिन्यूअलचे कागद, कार्डाचं पोस्ट, सगळं नवीन पत्त्यावर यावं.

सारथीवर जाऊन नवीन राज्य निवडायचं (जुनं नाही, इथे बरेच लोक चुकून महाराष्ट्र निवडतात), लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची, चेंज ऑफ अॅड्रेस निवडायचं, कागद अपलोड करायचे, फी भरायची. पत्ता बदलायचे २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० असा केंद्राचा दर आहे, वर राज्याचं किरकोळ काही असेल. काही राज्यांत आधारवर घरबसल्या होतं, काही ठिकाणी स्लॉट घेऊन मूळ कागद दाखवायला जावं लागतं.

लायसन्स संपायला वर्षापेक्षा कमी राहिलं असेल तर पत्ताबदल आणि रिन्यूअल एकाच अर्जात टाका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदतीच्या एक वर्ष आधीपासून रिन्यूअल करता येतं, मुदत संपल्यावरही एक वर्षापर्यंत टेस्टशिवाय होतं, त्याच्यापुढे गेलात की परत टेस्ट. पण पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरायचे ती सवलत गेली, संपलं म्हणजे संपलं, त्या दिवसापासून गाडीला हात लावू नका. रिन्यूअलच्या वेळी चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो.

एक अडचण जुन्या लोकांची. वडिलांचं ते छोट्या पुस्तकासारखं हाताने लिहिलेलं लायसन्स सारथीवर सापडतच नाही. ते जिथे काढलं त्या आरटीओतून बॅकलॉग एंट्री (जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद) करून घ्यावी लागते, नवीन राज्यातून ते होत नाही. आई-वडील सोबत शिफ्ट होत असतील तर त्यांचे लायसन्स नंबरही निघायच्या आधी सारथीवर टाकून बघा.

६. नवीन आरटीओत गाडीची नोंदणी: फॉर्म २७

इथे परत वाहन पोर्टल, यावेळी नवीन राज्य. अर्ज फॉर्म २७. सोबत एनओसी, मूळ आरसी, विमा, पीयूसी, नवीन पत्त्याचा पुरावा, पॅन, पेन्सिल प्रिंट, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि गाडी घेतानाचं मूळ बिल.

बिल! शोरूमचं ते इनव्हॉइस शोधून ठेवा कारण टॅक्स त्यावरच मोजतात. बिल नसेल तर ते त्यांच्या हिशोबाने किंमत धरतात आणि ती तुमच्या फायद्याची असेलच असं नाही. शोरूमकडे जुन्या बिलाची कॉपी मागता येते.

टॅक्सचं गणित असं की गाडीची मूळ किंमत आणि त्या राज्याचा दर धरून लाइफ टाइम टॅक्स काढतात आणि गाडीचं वय जितकं जास्त तितका तो कमी होत जातो. कर्नाटकात दर देशातल्या सगळ्यात चढ्या दरांपैकी आहेत, महागड्या गाडीला तर १८ टक्क्यांपर्यंत आणि वर सेस, त्यामुळे आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पोर्टलवर अर्ज भरताना टॅक्स किती येतोय ते आधी बघून घ्या म्हणजे पैशांची सोय करून ठेवता येईल. नवीन नंबरची नोंदणी फी मात्र किरकोळ, दुचाकीला ३०० आणि कारला ६०० रुपये.

मग गाडी इन्स्पेक्शनला न्यायची. इन्स्पेक्टर चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो, रंग बघतो, बाहेरून बसवलेला मोठा गार्ड, काळी फिल्म, कर्कश हॉर्न असलं काही असेल तर आधीच काढून जा. गाडीचा रंग बदललेला असेल आणि आरसीवर जुनाच असेल तर तिथेच गाडं अडतं.

एजंटबद्दल विचारणार हे माहीत आहे. माझं मत, महाराष्ट्रातल्या एनओसीला एजंटची गरज नाही, भाषा आपली, पद्धत माहितीची. नवीन राज्यात भाषा येत नसेल तर रांगेत उभं राहायला एजंट घेतला तर त्यात लाज नाही, पण टॅक्स आणि फी स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरा, पावती तुमच्याच ईमेलवर येऊ द्या, आणि मूळ आरसी-एनओसी त्याच्या हातात देताना दोन्हीचे फोटो काढून "मिळाले" असं त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. जो "टॅक्स अर्ध्यात करून देतो" म्हणेल त्याच्यापासून लांब.

७. नंबर बदलल्यावर राहून जाणारी कामं

नवीन नंबर मिळाला की लोक पेढे वाटतात आणि पुढचं विसरतात. नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लावा, ती नंबराशी जोडलेली असते त्यामुळे जुनी प्लेट रंगवून चालत नाही, आणि काचेवरचं स्टिकरही नवीन घ्या. विमा कंपनीला नवीन आरसी पाठवून नंबर आणि पत्त्याचं एंडॉर्समेंट (पॉलिसीवर बदलाची नोंद) करून घ्या, कारण क्लेमच्या वेळी पॉलिसीवर एक नंबर आणि प्लेटवर दुसरा असेल तर डोकेदुखी तुमचीच. प्रीमियममध्ये थोडा फरक येऊ शकतो, विम्यासाठी मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता, दिल्ली, अहमदाबाद हे झोन ए आणि बाकी सगळं झोन बी, म्हणजे नाशिकहून बेंगळुरूला गेलात तर थोडे पैसे वाढतील, पुण्याहून गेलात तर झोन तोच.

फास्टॅग जुन्या नंबरावर असतो, बँकेला कळवून बदलून घ्या, नाहीतर टोलवर कॅमेऱ्याला एक नंबर आणि टॅगला दुसरा. पीयूसी नवीन नंबरावर काढा. डिजिलॉकरमधली जुनी आरसी काढून नवीन ओढून घ्या. सोसायटीच्या आणि ऑफिसच्या पार्किंगलाही कळवा.

८. जुन्या टॅक्सचा परतावा

महाराष्ट्रात तुम्ही वन टाइम टॅक्स भरलाय आणि गाडी पंधरा वर्षांपैकी पाचच वर्षं तिथे राहिली, तर उरलेल्या काळाचे पैसे प्रमाणात परत मागता येतात. पण आधी नाही, नवीन राज्यात टॅक्स भरून नवीन नंबर मिळाल्यावर. जुन्या आरटीओकडे अर्ज, सोबत नवीन आरसीची कॉपी, नवीन टॅक्सची पावती, जुन्या टॅक्सची पावती, एनओसीची कॉपी आणि बँक खात्याचा कॅन्सल चेक. म्हणून जुनी आरसी नवीन आरटीओत जमा करायच्या आधी दोन्ही बाजूंचा रंगीत स्कॅन काढून ठेवा, तो नसेल तर इथे येऊन अडता.

पैसे यायला वेळ लागतो, फार लागतो. अर्जाचा इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि गावाकडे सणावाराला जाल तेव्हा एकदा चक्कर मारून फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून या, फोनवर ते कुणी सांगत नाही.